भिवंडीची कबड्डी आणि आपली कोपी



या अंकासाठी खोडव्यातील पाचट व्यवस्थापनावर लिहून द्या, असे संपादक मंडळाने आम्हाला सांगितले होते. पाचट जाळू नका, हे आम्ही गेली कित्येक वर्षे कंठशोष करून सांगतो आहोत, आणि आपण मंडळी गट सभेत मान डोलावून घरी जाता व संध्याकाळी काडी लावता. तेव्हा एक अंक पाचटाला सुट्टी. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. म्हटला तर तो कबड्डीचा आहे, म्हटला तर समाजसेवेचा, पण शेवटी तो तुमच्या-आमच्या फडाच्या बांधापर्यंत येतो. शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

झाले असे. आपल्या गटातील एका सभासदाचा मुलगा भिवंडीला एका मोठ्या गोदामात सुपरवायझर आहे. भिवंडी म्हटले की आपल्याला यंत्रमाग आठवतात. पण आता नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना जिकडे बघावे तिकडे गोदामेच गोदामे. आपल्याकडची बरीच पोरे तिथे कामाला लागली आहेत. या मुलाने भिवंडी तालुक्यातल्या एका गावच्या कबड्डी स्पर्धेचे आमंत्रण धाडले. आपल्या पोरांनी आम्हाला गळ घातली, "साहेब, तुम्ही चला. तुम्ही असलात म्हणजे घरचे सोडतील." आम्ही शेतकी पदविका घेतलेला माणूस, बेण्याच्या डोळ्याखेरीज दुसऱ्या कशाकडे फारसे बघितलेले नाही. पण शाळेत असताना हुतूतू खेळलो होतो. निघालो.

निघायच्या आदल्या दिवशी दोन गडी गळाले, कारण त्यांच्या घरी उसाला तोड आली. तोड आल्यावर पोरगा कबड्डीला कोण पाठवील? संघ अडचणीत आला. तेव्हा एका पोराने सुचवले, की ओढ्याकाठी जी टोळी उतरली आहे, तिच्या मुकादमाचा पुतण्या संध्याकाळी कोपीपुढच्या पडीत खेळतो, त्याला घेऊ. त्याला विचारले. चुलत्याने एक दिवस कोयत्याला सुट्टी दिली. पोरगा विशीचा, अंगाने काटक, बोलायला कमी. गाडीत मागच्या बाकावर बसला तो भिवंडी येईपर्यंत चार वाक्येही बोलला नाही.

आता तिथला थाट सांगतो. भातकापणी होऊन मोकळ्या झालेल्या रानात मैदान केलेले. माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून अशी चोपलेली, की आपली खळी तशी असायची त्या दिवसांची आठवण यावी. रात्री प्रकाशझोतात सामने. वीजजोडणीपासून ते बाहेरगावच्या संघांच्या जेवणापर्यंत सगळी कामे गावकीने वाटून घेतलेली. गावकी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला हवे. ठाणे-कोकणाकडे गावच्या लोकांची ही परंपरेने चालत आलेली बैठक. देवळाचा उत्सव, लग्नकार्याची मदत, गावचे तंटे, वर्गणी, सगळे तिथे ठरते. आमचे यजमान आगरी शेतकरी, साठी ओलांडलेले. त्यांच्या ओटीवर आम्ही उतरलो. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, खाणाऱ्यांना सुकट. पोरांनी भाकरी मोजायचे सोडून दिले.

यजमानांशी रात्री गप्पा झाल्या. त्यांना उसाची मोठी नवलाई. म्हणाले, आमच्याकडे ऊस दिसतो तो रसवंतीच्या चरकात. खरेच आहे. मुंबई-ठाण्याकडे पुरंदर तालुक्यातल्या मंडळींनी 'कानिफनाथ', 'नवनाथ' अशा नावांनी रसवंतीगृहे थाटली, ती आपल्याच मुलखाची माणसे. मग ते आपल्या गावाकडे वळले. भिवंडी तालुक्यातले अंजूर हे गंगाजी नाईक अंजूरकरांचे गाव. पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, या घराण्याने पेशव्यांना मोठी साथ दिली. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडला म्हणून वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले. लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारिणींबद्दल त्यांनी सांगितले. आगरी लग्नात या बायकांचा मान भटजीच्या बरोबरीने, आणि ही सगळी गाणी त्यांना तोंडपाठ. आता नव्या सुना ती शिकत नाहीत, याची त्यांना खंत. गोठ्यातला शर्यतीचा खोंडही त्यांनी बॅटरी मारून दाखवला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने कायदा उचलून धरला. ही तारीखवार हकीकत त्यांना आपल्या सात-बारासारखी पाठ होती.

त्यांची स्वतःची निम्मी भातशेती गोदामाखाली गेली आहे. पण खेळाचे मैदान जिथे होते, ती जागा विकायची नाही, असा गावकीने ठराव केला आहे. "पोरांना पाय रोवायला जागा नको का?" एवढेच ते म्हणाले.

भिवंडीचे नाव काढले की आपल्या वडीलधाऱ्यांना दुसरी एक गोष्ट आठवते. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे भीषण दंगल झाली, आणि तिचे लोण जळगाव, महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग त्यासाठीच नेमला होता. पुन्हा मे १९८४ मध्ये शहर पेटले. आम्ही तेव्हा लहान होतो. पण ‘भिवंडीला माल न्यायचा नाही’ असे ट्रकवाले म्हणत, हे वडिलांच्या तोंडून ऐकलेले आहे.

त्याच भिवंडीत पुढे काय घडले, ते मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९८८ साली सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त तिथे आले. दंगल झाल्यावर लाठी घेऊन धावण्यापेक्षा ती होऊच नये यासाठी काय करता येईल, याचा त्यांनी विचार केला. त्यांनी शहरभर मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे ७०. प्रत्येक समितीत हिंदूही आणि मुसलमानही. भर पुढाऱ्यांवर नव्हता, तर मागावर काम करणारे, दुकानदार, रिक्षावाले अशा रोज रस्त्यावर दिसणाऱ्या माणसांवर होता. त्या भागाचा पोलीस त्यांच्यात येऊन बसे. बोलणे मोठमोठ्या तत्त्वांचे नसे. नळ, गटार, भाडेकरूचे भांडण, मिरवणुकीची वाट, असल्याच गोष्टी. पण माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा हाकेच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. ज्या गावाचे नाव दंगलीसाठी घेतले जाई, तेच गाव शांततेचे उदाहरण म्हणून अभ्यासकांनी पुस्तकांत घातले. आशुतोष वार्ष्णेय या प्राध्यापकांनी आपल्या ग्रंथात या समित्यांची दखल घेतली आहे.

यात एक खाचखळगाही आहे, तो लपवून चालणार नाही. २००६ साली त्याच शहरात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला, गोळीबार झाला आणि दोन पोलीस जमावाच्या हातून मारले गेले. म्हणजे समिती एकदा केली आणि झाले, असे होत नाही. आपण पाटाचे उदाहरण घेऊ. पाट एकदा काढला म्हणून जन्मभर पाणी येत नाही. दरवर्षी गाळ काढावा लागतो, उंदरांची बिळे बुजवावी लागतात. माणसामाणसांतल्या ओळखीचेही तसेच आहे.

आता आपल्या सामन्याकडे येऊ. आपला संघ पहिली फेरी जिंकला, दुसऱ्या फेरीत हरला. तिथले संघ फार तयारीचे, त्यात हरण्याची लाज नाही. मुकादमाच्या पुतण्याने मात्र उजव्या कोपऱ्यात उभे राहून चार पकडी अशा केल्या, की मैदानाभोवतीची माणसे उठून उभी राहिली. सामना संपल्यावर यजमान आमच्या कर्णधाराला म्हणाले, "हा पोरगा कुठला?" कर्णधार क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आमचाच आहे."

मंडळी, हा शब्द आमच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. पहाटे परत आलो. एकेका पोराला त्याच्या वस्तीवर सोडत गाडी ओढ्याकाठी आली. तो पोरगा उतरला. अंधार होता. कोपीत दिवा नव्हता, फक्त चूल पेटली होती आणि त्याची आई कोयता-पाण्याची कळशी घेऊन फडाकडे निघाली होती. नोव्हेंबरपासून त्या रस्त्याने आम्ही मोटारसायकलवरून शंभर वेळा गेलो असू. ऊस कुठला, को ८६०३२ की फुले २६५, हे आम्ही रस्त्यावरून सांगू शकतो. पण त्या कोपीत दिवा आहे की नाही, प्यायचे पाणी कुठून येते, पोरे किती आहेत, यातले काहीच आम्हाला ठाऊक नव्हते. भिवंडीच्या मैदानावर जो 'आमचाच' होता, तो आपल्या शिवारात कोण होता?

तोडणी-वाहतूक हे आमचे खाते नाही, असे म्हणून आम्ही अंग काढून घेऊ शकतो. तसे आजवर केलेही. पण मागच्याच्या मागच्या हंगामातली गोष्ट आम्हाला माहीत आहे आणि आमच्या गटातल्या पुष्कळांना माहीत आहे. एका विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. कोणीतरी म्हणाले, टोळीवाल्यांनी नेली. कोणी पाहिले? कोणीच नाही. तरी रात्री दहा-पंधरा जण कोपीवर गेले, शिवीगाळ झाली, एकाला मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो कोप्या रिकाम्या. टोळी रातोरात निघून गेली. केबल पुढे महिन्याने सापडली, ती चोरणारा भलताच निघाला. तोवर आपले काय झाले? त्या पट्ट्यातला ऊस तीन आठवडे तोडीविना उभा राहिला. मार्चचे ऊन, उसाला तुरे आलेले, वजन घटले, आणि खोडवा राखायची वेळही निघून गेली. ज्यांचे नुकसान झाले त्यांतल्या बहुतेकांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. आम्हीही त्या रात्री गावातच होतो. आवाज ऐकला आणि, शेतकी खात्याचे लोक बघतील, असे म्हणून कूस बदलली. हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही, पण लिहिले नाही तर पुढचे बोलण्याचा अधिकार राहत नाही.

समाजसेवा म्हटली की आपण काय करतो? रक्तदान शिबिर घेतो, शाळेला वह्या वाटतो, वृक्षारोपण करून फोटो काढतो. सगळे चांगलेच आहे, करावेच. पण ज्या माणसाच्या कोयत्याशिवाय आपले एक कांडे गव्हाणीत पडत नाही, तो माणूस पाच महिने आपल्या बांधावर राहतो आणि आपल्या समाजसेवेच्या यादीत तो नसतो. बीड, जालना, अहिल्यानगर अशा दुष्काळी तालुक्यांतून तो दिवाळीनंतर बिऱ्हाडासह येतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय निघाला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून दुखणे अंगावर काढायचे, हे त्या कहाणीचे मूळ. तो ऊस कोणाचा होता? तुमच्या-आमच्यासारख्याच कोणा सभासदाचा.

आता सभासदांचे दोन आक्षेप आम्हाला माहीत आहेत. पहिला असा, की साहेब, मुकादम उचल घेतात आणि टोळी घेऊन पळतात, त्याचे काय? खरे आहे. वाहतूकदार सभासद लाखोंच्या उचलीत बुडाले आहेत आणि त्यांची घरे बसली आहेत. फसवणाऱ्याला कायद्याने धरलेच पाहिजे. पण उचल बुडवणारा एक, आणि अंधारात चूल पेटवणारी शंभर बिऱ्हाडे दुसरी. एकाचा राग शंभरांवर काढला, की त्या शंभरांतले उरलेलेही पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्याकडे जातात. बीडच्या टोळ्यांत बोलणे होत असते. कुठल्या गावात पाणी मिळते आणि कुठल्या गावात शिव्या मिळतात, हे त्यांना आपल्यापेक्षा पक्के ठाऊक असते.

दुसरा आक्षेप असा, की आता हार्वेस्टर आले, पाच वर्षांत टोळीची गरजच उरणार नाही. हार्वेस्टर यावेत, आम्हीही त्यासाठी रुंद सरीचा आग्रह धरतो. पण आपल्या गटातले अर्धा-पाऊण एकराचे तुकडे, पडलेला ऊस, ओल्या चिबडीचे रान, इथे यंत्र फिरायला वेळ लागेल. आणि समजा, शेवटची टोळी पुढच्या वर्षी यायची असेल, तरी ती आल्यावर तिला पाणी नको का?

खेळाचे महत्त्व आम्हाला यातच दिसते. कबड्डीत एक नियम आहे, तो आम्हाला फार आवडतो. बाद झालेला गडी कायमचा बाहेर जात नाही. आपल्या माणसांनी समोरचा एक बाद केला, की आपला बाहेर बसलेला गडी उठतो. सगळ्यांच्या कष्टाने एकेक जण परत मैदानात येतो. या मातीतल्या खेळाचे नियम १९१८ च्या सुमारास साताऱ्याकडे बांधले गेले, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये त्याचे प्रदर्शन केले, १९९० साली तो बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत गेला. बुवा साळव्यांसारख्यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते गावोगावच्या वर्गणीवर आणि प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून दिलेल्या पैशावर, आणि देशासाठी कांस्यपदक घेऊन आले. वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांनी कारखान्याबरोबर तालीम उभी केली आणि खेड्यातल्या मुलांचा वाद्यवृंद उभा केला. कारखाना म्हणजे नुसता चरक नव्हे, हे सहकारातल्या जुन्या माणसांना कळत होते. खेळाडू आणि कलावंत एकट्याने होत नाही, त्याच्यामागे गाव लागते, एवढाच याचा अर्थ.

तेव्हा आमच्या काही सूचना आहेत. संचालक मंडळापुढे आम्ही त्या रीतसर ठेवणारच आहोत, पण निर्णय गावात व्हावा लागतो, म्हणून आधी आपल्यापुढे मांडतो.

पहिली. बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, की आठ दिवसांच्या आत प्रत्येक गटात एक समिती बसवावी. तीत चार सभासद, त्यांत दोन तरी घरधनिणी, टोळ्यांचे मुकादम, तोडणाऱ्या दोन बायका, गटाचा स्लिप बॉय आणि गावचा पोलीस पाटील. पंधरा दिवसांतून एकदा तासभर बसावे. चोरी झाली, गुरे उसात गेली, वाढ्यावरून भांडण झाले, तर तक्रार आधी या समितीत यावी. रात्री कोपीवर कोणी जाणार नाही, असा ठराव पहिल्या बैठकीत व्हावा.

दुसरी. कोप्या कुठे पडणार हे आधी ठरवून तिथे पाण्याची टाकी, दोन दिवे आणि बायकांसाठी आडोसा करावा. हा खर्च एका मोटार केबलीपेक्षा फार नाही. पोरे किती आली, याची यादी शाळेच्या गुरुजींकडे द्यावी. हंगामी वसतिगृहामुळे काही पोरे गावी राहतात, पण धाकटी भावंडे आईबरोबर येतातच, आणि ती दिवसभर उसाच्या सरीत झोपतात.

तिसरी. कारखान्याच्या गाडीतळाशेजारचे मैदान तसेच राहू द्यावे. तिथे ट्रॉल्या लावण्याची मागणी आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण भिवंडीच्या शेतकऱ्याने गोदामाच्या भावात मैदान राखले, आपल्याला गाडीतळाच्या भावात राखता येणार नाही का? दर रविवारी संध्याकाळी तिथे कबड्डी व्हावी, आणि संघ पाडताना गावचे एकीकडे, टोळीचे दुसरीकडे असे न करता मिसळून पाडावेत.

चौथी. हंगामाच्या मध्यावर एक रात्र भजन-भारुडाची ठेवावी. तोडकऱ्यांच्या बायकांची गाणी आपण कधी ऐकली आहेत का? आम्ही नाही ऐकली. त्या यजमानांना धवलारिणींची चिंता वाटते, तशी या गाण्यांचीही कोणाला तरी वाटत असेल.

एवढे केले म्हणजे रामराज्य येईल, असे आम्ही म्हणत नाही. समितीतही भांडणे होतील, वर्षभराने ती ढिली पडेल, पुन्हा गाळ काढावा लागेल. पण अंधारात ज्याचे नाव आपल्याला ठाऊक असते, त्याच्यावर हात उगारायला माणूस थबकतो. भिवंडीने मोठी किंमत मोजून हे शिकून घेतले. आपल्याला एका केबलीच्या आणि तीन आठवड्यांच्या उसाच्या किमतीत ते शिकता येत असेल, तर सौदा वाईट नाही.

तो पोरगा अजून याच फडात आहे. परवा आम्ही कोपीवर गेलो, प्रथमच. त्याच्या आईने गुळाचा चहा दिला. आम्ही पाण्याचे विचारले. ओढ्याचे आणतो, म्हणाली. वरच्या बांधावर आपल्या एका सभासदाची विहीर आहे, पाणी तुडुंब, पण कडीला कुलूप. ते कुलूप कोणाचे, हे आम्ही इथे लिहीत नाही. ज्यांचे आहे, ते हा अंक वाचतात. आम्ही रविवारी सकाळी त्यांच्या वस्तीवर येऊ, चहा तयार ठेवावा. पाचटाचेही तेव्हाच बोलू.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी